हात लावंल त्याचं

नाथाजी काटकर हा माणूस इतका टापटिपीचा, की त्याच्या टेबलावरच्या सुया, ब्रश आणि छोट्या छिन्न्या शाळेतल्या पोरांसारख्या उंचीप्रमाणं ओळीत उभ्या असत. पुसता पुसता बायकोनं, शालूबाईनं, त्यातली एखादी जरी इकडची तिकडं केली तरी गड्याचं जेवण बिघडायचं. सांगलीच्या कॉलेजात तो भूगर्भशास्त्र शिकवायचा आणि गावभागात कृष्णेच्या घाटापासून जवळच भाड्याच्या घरात राहायचा. असल्या माणसाचा जिवलग दोस्त कोण असावा? तर लालासाहेब माने! शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं, छत्री कायम कुणाच्या तरी घरी विसरलेली, आणि हसला की शेजारच्या आळीत ऐकू जायचं.

दोघं माणदेशातल्या एकाच गावचे. पुण्याला एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर पिठलं शिजवून शिकले. नाथाजी वर्गात पहिला यायचा आणि लालासाहेब कसाबसा पास व्हायचा, पण निकालाच्या दिवशी पोरांचा घोळका लालासाहेबाच्या भोवती. पुढं तोही त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आला आणि महिन्याभरात शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांचा झाला. नाथाजीला ते खुपायचं. लहानपणापासूनच खुपायचं, पण दोस्तीच्या पांघरुणाखाली ते झाकलेलं होतं, एवढंच.

नाथाजीची एकच इच्छा होती. आपल्या या काळ्या पाषाणाच्या मुलखात एखाद्या जुन्या जिवाचं हाड सापडावं, ते आपल्याला सापडावं, आणि त्याला आपलं नाव लागावं. लोक हसायचे. हा सगळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस, त्यात हाडं कुठली? पण नाथाजीचं म्हणणं वेगळं होतं. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर आला. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं उगवली, त्या झाडांवर कोणीतरी उड्या मारल्या असतील, कोणीतरी चिखलात पडलं असेल. त्या आशेवर त्यानं सातारा जिल्ह्यातले ओढे उन्हाळ्यामागून उन्हाळे पालथे घातले. हाती काय लागलं, तर शंख.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात लालासाहेबच धावत आला. “नाथा, आमच्या चुलत्याच्या विहिरीत काळ्या पाषाणाखाली हिरवट चिखलाचा थर लागलाय. चल लेका, तुझ्या जन्माचं कल्याण झालं!”

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीतनं दोघं म्हसवडपर्यंत गेले आणि पुढं बैलगाडीनं गावी पोचले. विहीर खोदणारा सिद्धू वडार बापजाद्यांपासून याच धंद्यातला. त्यानं दोघांना दोराला धरून खाली उतरवलं. वरच्या उन्हाचा वणवा तिथं पोचत नव्हता. ओल्या मातीचा, सुरुंगाच्या दारूचा आणि आणखी कसलातरी जुनाट, बंद कणगीसारखा वास येत होता.

आणि ते आधी पाहिलं नाथाजीनं. हे मी दहादा सांगेन, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हिरवट दगडाची एक फळी भिंतीतनं सुटून आली होती आणि तिच्यावर तपकिरी रंगात काडीएवढी बोटं उमटली होती. नाथाजी फळीवर ओणवला. पण माणूस शिस्तीचा! सापडलेल्या गोष्टीला आधी हात लावायचा नाही. आधी टेप, आधी चित्र, मग हात. तो पिशवीतनं टेप काढायला वळला. तेवढ्यात मागनं लालासाहेब आला, “आयला!” म्हणाला, आणि त्यानं सबंध तळवा त्या दगडावर ठेवला.

सिद्धूनं पहार खाली टाकली. कमरेच्या चंचीतनं चिमूटभर हळद काढून त्यानं लालासाहेबाच्या हाताला लावली आणि दगडालाही लावली.

“ह्ये लालासायबाचं,” तो म्हणाला.

“मी आधी पाहिलं,” नाथाजी म्हणाला. आवाज जरा चढलाच.

“बघितल्यालं कुनाचं नसतंय, सायब. हिरीत मूर्ती निगू द्या न्हाईतर हंडा निगू द्या, हात लावंल त्याचं. आमच्यात आसंच हाय.”

“अरे सोड रे सिद्धू,” लालासाहेब हसला. “दोघांचं आहे ते.”

पण गाव काही ऐकणारं नव्हतं. संध्याकाळी देवळापुढं लालासाहेबाला फेटा बांधला, नारळ फोडला. त्यानं तो फेटा काढून नाथाजीच्या डोक्यावर ठेवला, तर लोक हसले. थट्टाच वाटली त्यांना. पुढं साताऱ्याच्या साप्ताहिकात बातमी आली: श्री. लालासाहेब माने यांचा अद्भुत शोध. दगड साफ करण्याकामी श्री. काटकर यांची मदत. मदत! नाथाजीनं तो कागद घडी घालून ठेवला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

दगड मात्र नाथाजीच्याच घरी आला. लालासाहेबच म्हणाला, “सुई धरणारा हात तुझ्याइतका हलका कुणाचा नाही. माझ्या हातात दिलास तर मी त्याचं पीठ करीन.”

मग रोज कॉलेजातनं आल्यावर नाथाजी खिडकीपाशी बसायचा आणि सुईच्या टोकानं कण कण दगड उकरायचा. खारीएवढा जीव हळूहळू बाहेर आला. लालासाहेब भिंग लावून बघायचा आणि पोरासारखा नाचायचा. “हे बघ, डोळ्याभोवती हाडाचं पूर्ण कडं! डोळे समोर, खारीसारखे बाजूला नाहीत. बोटांची टोकं चपटी, म्हणजे नख्या नव्हत्या, नखं होती, तुझ्या-माझ्यासारखी. आणि अंगठा बोटांसमोर येतोय. नाथा, माकडाच्याही आधीचा आपला पणजोबा आहे हा! पकडायला शिकलेला पहिला हात बघतोय आपण.”

त्या हातात एक टणक बी होती. पोटाशी घट्ट धरलेली. पुढं आणखी दगड निघाला तेव्हा कळलं, की तो एकटा नव्हता. त्याच्या पाठीमागं दुसरा होता. तसलाच, तेवढाच. त्याचा हात पुढच्याच्या बगलेखालनं बीच्या दिशेनं आलेला.

“भांडतायत लेकाचे!” लालासाहेब खदाखदा हसला. “एका बीवरनं! माणूस व्हायच्या आधीपासनं हेच चाललंय तर.”

नाथाजी हसला नाही.

त्याची कामाची एक पद्धत होती. पतंगाचा पातळ कागद तेलात बुडवून वाळवायचा, दगडावर पसरायचा आणि दिसेल तेवढं पेन्सिलीनं गिरवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा ठेवायचा आणि नवं निघालेलं त्यात भरायचं. एके दिवशी कागद जुळेना. पुढचा जीव नीट बसला, शंख नीट बसले, कडा बसल्या. मागच्याचा हात तेवढा बसेना. तांदळाच्या दाण्याइतका तो पुढं होता.

कागद ताणला असेल, तो म्हणाला. तेल जास्त झालं असेल. त्यानं नवा कागद केला. दोन-तीन दिवस सगळं ठीक जुळलं. मग कॉलेजात प्रिन्सिपॉलांनी भर सभेत लालासाहेबाच्या पाठीवर थाप मारली, आणि दुसऱ्या सकाळी हात पुन्हा पुढं. एका रविवारी लालासाहेब आंब्यांची पाटी घेऊन आला. दोघं ओसरीवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे चोखत पुण्याच्या खोलीच्या आठवणी काढत राहिले. त्या दिवशी हात जागच्या जागी होता.

नाथाजीच्या मनात पाल चुकचुकली. दुसरा कोणी असता तर त्यानं लिंबू उतरवून दगड कृष्णेत टाकला असता. नाथाजी शास्त्राचा माणूस. त्यानं प्रयोग केला. दार लावून तो दगडासमोर बसला आणि मुद्दाम, ठरवून, त्यानं तो शब्द आठवला. मदत. तो फेटा आठवला. हसणारे लोक आठवले. निकालाच्या दिवशीचा पोरांचा घोळका आठवला. बघता बघता कान तापले, दातावर दात बसले. मग उठून, हातपाय धुऊन तो देवाला नमस्कार करून आला.

सकाळी त्यानं कागद ठेवून बघितला. हात चांगला हरभऱ्याएवढा सरकला होता.

घाबरला का? घाबरला. पण खोटं कशाला बोला, आत कुठंतरी त्याला बरंही वाटलं. जन्मभर जे पोटात दडपून ठेवलं, ज्याची स्वतःलाही लाज वाटायची, त्याला कुणीतरी ओळखलं होतं.

श्रावणात लालासाहेब एका दुपारी आला तो नाचतच. साताऱ्याला सभा ठरली होती. मुंबईहून मोठे विद्वान येणार होते, लालासाहेबाचं भाषण होणार होतं, आणि त्या जिवाला शास्त्रीय नाव मिळणार होतं.

“मी म्हणालो, काटकरांचं नाव द्या,” तो जरा ओशाळून म्हणाला. “पण ते म्हणतात, शोधणाऱ्याचंच द्यायचा रिवाज आहे. नाथा, मनात काही ठेवू नको गड्या.”

“छे. मनात काय ठेवायचं,” नाथाजी म्हणाला.

लालासाहेब भिंग घेऊन दगडावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. “हा मागचा इतका पुढं होता का रे?”

“दगड निघाला तसा दिसायला लागला.”

“असेल.” त्यानं उजवं मनगट चोळलं. “काय झालंय कळत नाही. महिनाभर हाताला मुंग्या येतायत. आणि हे बघ, ढेकूण चावल्यासारखं.”

मनगटावर बारीक लाल डाग होते. वरच्या बाजूला ओळीनं चार, आणि खालच्या बाजूला, बरोबर समोर, एक.

शालूबाई चहा घेऊन आली होती. तिनं ते बघितलं आणि नवऱ्याकडं बघितलं. “आवं, भाऊजींना डाक्टरकडं तरी न्या की.”

नाथाजी त्या डागांकडं बघत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हा दगड उचल, लाल्या, आणि माझ्या घरातनं घेऊन जा. जिभेवर आलंही होतं.

“खोबरेल लाव,” तो म्हणाला. “जाईल.”

सभेच्या आधी लालासाहेब गावी गेला. विहिरीतला तो थर पुन्हा एकदा बघून घ्यावा, भाषणात सांगायला बरं, असं म्हणाला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजाला सुट्टी होती. दुपारचं लख्ख ऊन खिडकीतनं दगडावर पडलं होतं. मागच्याची बोटं आता बीपाशी आली होती. बोटं आणि बी यांच्यामध्ये दगडाची कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ भिंत उरली होती.

नाथाजीनं सर्वात बारीक सुई उचलली.

हे कामाचाच भाग आहे, तो स्वतःला म्हणाला. कधी ना कधी काढावंच लागणार.

सुईचं टोक लावलं आणि पापुद्रा अलगद सुटून आला. त्यानं फुंकर मारली. मग सुई पुसून जागेवर ठेवली आणि तो जेवायला उठला.

“आज भूक लागलीया जणू,” शालूबाई म्हणाली. त्यानं भाकरी पुन्हा मागून घेतली होती.

जेवून आला तेव्हा बी मागच्याच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सिद्धू वडार सांगलीला आला. दारातच उभा राहिला, आत येईना. पायरीवर टेकला आणि डोक्याचं पटकूर सोडून हातात घेतलं.

“लालासायब गेलं.”

शालूबाईनं तोंडावर पदर दाबला.

“काल दुपारच्याला हिरीत उतरलं. पानी अजून लागल्यालं न्हाई, कोरडीच हाय. हाक मारली तर ओ न्हाई. खाली गेलू तर भितीला टेकून बसल्यालं. कुटं खरचटल्यालंबी न्हाई. डाक्टर म्हनला, छातीत कळ आली.” तो नाथाजीकडं न बघता बोलला, “पर मूठ, सायब. उजवी मूठ उलगडल्याली. येक येक बोट धरून मागं मुरगाळल्यालं. पोराच्या हातनं गूळ काडून घ्यावा तसं.”

नाथाजी रडला. अगदी खरं रडला, घशातनं हुंदके आले. पुण्याची खोली, स्टोव्ह, ती तुटकी बटणं, सगळं आठवून रडला. आणि रडता रडताच त्याच्या मनात आलं, की आता साताऱ्याला बोलणार कोण?

बोलला तोच. सभा थोडी पुढं ढकलली होती. काळी टोपी, इस्त्रीचा कोट. जिवलग मित्राबद्दल तो असं बोलला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग त्यानं डोळ्याभोवतीचं कडं, नखं, समोर येणारा अंगठा हे सगळं लालासाहेबाच्याच शब्दांत समजावून सांगितलं. मुंबईचे विद्वान म्हणाले, मूळ शोधणारे हयात नाहीत, तेव्हा या कामाचा मान आता काटकरांचा. जिवाला नावही काटकरांचंच लागेल. टाळ्या झाल्या. फेटा बांधला. फेट्याची नवी खळ नाथाजीच्या कपाळाला टोचत होती आणि तो सुखानं डोळे मिटून उभा होता.

सांगलीला आल्यावर त्यानं दगडावरचं फडकं काढलं.

पुढचा जीव, ज्याच्याकडं आधी बी होती, तो आडवा झाला होता. मोकळा तळवा वर. ज्यानं बी घेतली होती, त्यानं ती पोटाशी धरली होती. इथवर नाथाजीनं बघितलं आणि मान हलवली. मग त्याचं लक्ष बी घेतलेल्याच्या कवटीकडं गेलं.

मान वळली होती. कवटी आता बीकडं बघत नव्हती. डोळ्यांची दोन्ही कडी मागं, दगडाच्या न फोडलेल्या भागाकडं रोखलेली होती.

त्या भागाला नाथाजीनं कधीच सुई लावली नव्हती. आता तर लावणारच नव्हता. त्यानं सगळ्या सुया, छिन्न्या, ब्रश एका पेटीत घातले आणि पेटीला कुलूप लावून किल्ली शालूबाईच्या हवाली केली.

“मी मागितली तरी देऊ नको.”

“आवं, मग त्यो दगडच देऊन टाका की मुंबईला,” ती म्हणाली. “भाऊजी गेल्यापासनं मला त्यो घरात नको वाटतोय.”

देऊन टाका! नाथाजीनं तिच्याकडं असं बघितलं की ती तशीच आत निघून गेली. मुंबईहून माणूस न्यायला आला, तर पावसाळा संपू द्या म्हणाला. पावसाळा संपला, तर पेटी चांगली बनवायला टाकलीय म्हणाला. कॉलेजातली पोरं बघायला आली की त्यांना हातभर लांब उभं करायचा. आपण नसताना कोण आलं होतं, किती वेळ थांबलं, कोण जवळ गेलं, हे शालूबाईला खोदून खोदून विचारायचा. रात्री दिवाणखान्याला कडी घालायचा आणि कडी घातली का ते बघायला पुन्हा उठायचा. ज्या गोष्टीसाठी जन्मभर जीव टाकला ती मिळाली होती, आणि तिच्याकडं पाठ करून त्याला बसवत नव्हतं.

दिवाळी झाली. झाडलोट करायला येणारी दगडाबाई एका सकाळी दिवाणखाना झाडत होती. नाथाजी दाढी करत आरशापुढं बसला होता.

“सायब, लय काम चाललंय जणू त्या दगडाचं,” ती म्हणाली.

“कसलं काम? बंद आहे ते.”

“बंद कुटलं? रोज वंजळभर भुगा निगतोय की टेबलाखाली. हिरवा हिरवा. मीच झाडतीया न्हवं.”

वस्तरा गालावर थांबला. साबणाचा फेस मानेवरनं खाली ओघळला. नाथाजी उठला. पेटीचं कुलूप जागेवर होतं. किल्ली शालूबाईच्या कमरेला होती.

दगडाबाईनं हातातला केरसुणीचा बुडखा टेबलाला टेकवला आणि दगडावरचं फडकं उचललं. मागची बाजू, तो न फोडलेला भाग, आता सपाट नव्हता. त्यात खळगा पडला होता, आणि खळग्यातनं काहीतरी तपकिरी, गुळगुळीत बीच्या दिशेनं वर आलं होतं.

नाथाजीला जवळ जावेना. तो दारातच चौकट धरून उभा राहिला. दगडाबाई मात्र वाकली, तिनं नीट निरखून बघितलं आणि आपलं बोट त्याच्या शेजारी धरून मापलं.

“ही जनावरं बारकी बारकी हायती,” ती म्हणाली. “पर ह्ये बोट तर माज्याएवढं हाय.”